डावखुऱ्या हातात मुकी होणारी चकती

पहिली चकती वाजलीच नाही.

फेकून झेलायची नेहमीची प्लॅस्टिकची चकती घेतली, तिच्या पाठीवर डबलटेपने एक शिट्टी चिकटवली आणि मैदानात जाऊन दणकून फेकली. शिट्टीच्या वजनाने ती लगेच कलंडली आणि कडेवर घरंगळत कुंपणाला जाऊन टेकली. आवाज आला तो फक्त गवतात आपटल्याचा. भाची म्हणाली, "मामा, ही शिट्टी नाही, हे हिला आलेलं टेंगूळ आहे."

मागणी तिचीच होती. संध्याकाळी अंधारून आलं की चकती दिसेनाशी होते आणि डाव मोडावा लागतो. अशाच एका मोडलेल्या डावानंतर ती कुरकुरली होती, "दिसत नाही तर निदान ऐकू तरी यायला हवी." मला ते इतकं पटलं की मी दोन रविवारांत करून देतो म्हणून बसलो. त्या दोन रविवारांचे आठ महिने झाले.

दिवे लावलेल्या चकत्या मिळतात, हे मला माहीत होतं. बॅटरीवरचा बझरही आत बसवता आला असता. पण उडणाऱ्या वस्तूने उडता उडताच आवाज काढावा, बाहेरून उसना आणू नये, असा माझा हट्ट होता. त्याला फारसं सबळ कारण नव्हतं. हट्ट नसता तर हे सगळं एका दुपारीच आटोपलं असतं, आणि मग लिहायलाही काही उरलं नसतं.

शिट्टीच्या आधी घुंगरू करून पाहावेत असं कोणाच्याही मनात येईल. माझ्याही आलं, फक्त शिट्टीनंतर. अंध खेळाडूंच्या गोलबॉलमध्ये चेंडूच्या पोटात घंटा असतात. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली हा खेळ निघाला आणि आज पॅरालिम्पिकमध्ये खेळला जातो. तो चेंडू जमिनीवरून घरंगळत येतो, त्यामुळे घंटा वाजत राहतात. मी चकतीच्या कडेत चार घुंगरू बसवले. हातात घेऊन हलवली की छान छुमछुम, फेकली की चिडीचूप. चकती सेकंदाला सातेक गिरक्या घेते. तेरा सेंटिमीटर त्रिज्येवर त्यातून गुरुत्वाकर्षणाच्या पंचवीसपट जोर बाहेरच्या दिशेने लागतो. घुंगरातला खडा त्या जोराने भिंतीला जो चिकटतो तो चकती हातात परत येईपर्यंत सुटत नाही. झेलली की पुन्हा छुम. म्हणजे नको तेव्हा वाजणारी चकती तयार झाली.

वाऱ्यानेच वाजणाऱ्या वस्तू माणसाने फार पूर्वीपासून केल्या आहेत. मध्य आशियातल्या घोडेस्वारांकडे शीळ घालणारे बाण होते. चीनमध्ये कबुतरांच्या शेपटीला हलक्या पोकळ शिट्ट्या बांधतात, थवा उडाला की आभाळ घुमतं. पतंगाला ताणलेली पट्टी लावून गुणगुणायला लावतात. पाणलावा पक्ष्याचा नर विणीच्या काळात उंचावरून सूर मारतो तेव्हा घुमल्यासारखा आवाज येतो. तो गळ्यातून येत नाही, शेपटीची कडेची पिसं वाऱ्यात थरथरून येतो. फिलिप मॅन्सन-बार या ब्रिटिश डॉक्टरांनी ती पिसं एका बुचात खोचली, बूच दोरीने गरगर फिरवलं आणि तोच आवाज काढून दाखवला. हे वाचल्यावर मीही प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या चकतीच्या कडेला लावल्या. थरथरल्या, फुरफुरल्या, आणि चाळीसेक फेकींत मुळाशी चिरून गळाल्या. पिसाची सर प्लॅस्टिकच्या पट्टीला येत नाही. पक्ष्याला दरवर्षी नवं पीस फुटतं, माझ्या चकतीला फुटणार नव्हतं.

तर पुन्हा शिट्टी. ती का वाजली नाही, हे कळायला एक पारदर्शक नळी पुरली. नळी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरलं, एक टोक शिट्टीच्या फुंकरीच्या वाटेला जोडलं आणि हळूहळू फुंकत गेलो. शिट्टी जेमतेम बोलू लागली तेव्हा नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात चार सेंटिमीटरचा फरक होता, म्हणजे सुमारे ४०० पास्कल दाब. आता चकतीकडे पाहू. मध्यम फेक सेकंदाला १२ मीटरची धरली तर समोरच्या हवेचा दाब हवेची निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ०.६ गुणिले १४४ इतका येतो. साधारण ८६ पास्कल. पाण्याच्या भाषेत नऊ मिलिमीटरसुद्धा नाही. शिट्टी फुंकरीसाठी घडवलेली होती आणि मी तिला झुळूक देत होतो. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो हे खरं, पण अकरा वर्षांच्या हाताकडून दुप्पट वेग कसा मागणार?

मग बाटली आठवली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर घातली की ती घुमते. तिथे हवा आत कोंबावी लागत नाही, तोंडावरून नुसती सरकली तरी पुरते. तोंडाशी असलेला हवेचा गोळा वजनासारखा वागतो, पोटातली हवा स्प्रिंगसारखी, आणि दोघांचं मिळून खालीवर हिंदकळणं हाच तो सूर. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने याचा पक्का अभ्यास केला म्हणून अशा पोकळीला त्याचं नाव आहे. पोट मोठं तर सूर खाली, तोंड रुंद तर सूर वर. हे एवढं गणित मी मन लावून केलं. पण हे अर्धंच होतं, आणि उरलेल्या अर्ध्याने माझे पाच आठवडे खाल्ले.

२० मिलिलिटरची एक डबी केली, वर १० मिलिमीटरचं चौकोनी तोंड. ओठांजवळ धरून फुंकलं की स्वच्छ वाजायची, फोनवरच्या ट्यूनरमध्ये ११०० हर्ट्झच्या आसपास. चकतीत बसवून फेकली की काहीच नाही. मी सांधे तपासले, गोंद बदलला, चकती बदलली. शेवटी भावोजींच्या गाडीत शेजारी बसलो आणि मोकळ्या रस्त्यावर डबी खिडकीबाहेर धरली. ताशी ६० किलोमीटरला गप्प. ८० ला एक सुस्कारा. ९५ च्या पुढे काटा गेला आणि ती अशी किंचाळली की भावोजींनी ब्रेकच दाबला. मागच्या सीटवरून ताईने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पण उत्तर मिळालं होतं. डबीच्या तोंडाच्या पुढच्या कडेवरून हवेची एक भोवरी सुटते, तोंड ओलांडून मागच्या कडेवर आपटते, आणि त्या धक्क्याने पुढची भोवरी सुटते. भोवरी वाऱ्याच्या साधारण निम्म्या वेगाने सरकते. त्यामुळे तोंड वाऱ्याच्या दिशेने जितकं लांब, तितका हा फेरा सावकाश होतो. वारा जोराचा असला की फेरा भरभर होतो. वेगाला तोंडाच्या लांबीने भागा आणि ०.४ ने गुणा, हा ठोकताळा माझ्या डब्यांना बऱ्यापैकी लागू पडला. असल्या गुणोत्तराला स्ट्रौहालचं नाव आहे. १८७८ मध्ये तो वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांच्या मागे लागला होता. भोवऱ्यांचा फेरा आणि पोकळीचा स्वतःचा सूर जुळले तरच दोघं एकमेकांना उचलून धरतात, नाहीतर नुसता श्वास ऐकू येतो. माझ्या डबीत ते जुळायला सेकंदाला २८ मीटर वेग लागत होता. ताशी शंभर किलोमीटर. गाडीने तेच सांगितलं होतं.

वेग कमी कसा करायचा? पोकळी मोठी करून सूर उतरवता आला असता, पण चकतीत जागा किती असणार. रात्री कागदावर रेघोट्या मारताना सुचलं की चौकोन हवाच कशाला. क्षेत्रफळ तेवढंच ठेवायचं, पण तोंड वाऱ्याच्या दिशेने अरुंद आणि आडवं रुंद करायचं. पोकळीला तोंडाचं क्षेत्रफळ समजतं, आकाराचं तिला फारसं काही नसतं. वाऱ्याला मात्र लांबीच तेवढी समजते. म्हणजे दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगता येतात! १० गुणिले १० ऐवजी ६ गुणिले १७ ची खाच केली. सूर जवळपास तोच राहिला आणि लागणारा वेग २८ वरून १७ वर आला. आठ महिन्यांतला मला सर्वांत आवडलेला क्षण हाच. त्या वेळी घरातले सगळे झोपलेले होते, त्यामुळे सांगायला कोणी नव्हतं.

दर वेळी गाडी मागणं बरं दिसेना. मग डबी एक मीटर दोरीला बांधून गोफणीसारखी गरगरवायला लागलो. सेकंदाला दोन फेरे म्हणजे साडेबारा मीटर वेग, पावणेतीन फेरे म्हणजे सतरा. शेजारी मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करायचं, नंतर फेरे मोजायचे आणि कुठल्या वेगाला सूर उठला ते पाहायचं. लाकडाची पट्टी दोरीने गरगर फिरवून घुमवण्याचं वाद्य जगाच्या अनेक कोपऱ्यांत सापडतं. तेव्हा ही युक्ती माझी नाही, उलट फारच जुनी आहे. दोरीची गाठ मात्र माझी होती. ती एकदा सुटली आणि डबी सरळ कुंडीत घुसली. तेव्हापासून दोरीऐवजी काठी आणि तिला नटबोल्ट.

खाच वाजायला लागली, आता ती चकतीत कुठे बसवायची ते ठरवायचं होतं. सगळ्यात सोपी जागा मधोमध. केंद्राला गिरकी लागत नाही, गोल भोक ठेवलं की वारा कुठूनही येवो, त्याला सगळं सारखंच. विचार देखणा होता. आवाज आला तो कोणीतरी शेजारच्या खोलीत 'हूं' म्हटल्यासारखा. पुढची कड ओलांडून मध्यापर्यंत पोचेतो पाठीवरच्या हवेचा थर जाड आणि सुस्त होतो. भोवरी सुटायला वाऱ्याला धार लागते, ती तिथे उरलेली नसते.

म्हणून कड. कडेवर दुसरीच गंमत आहे. चकती पुढे जाते १२ मीटरने, कड फिरते जवळपास पावणेसहा मीटरने. एका बाजूला हे दोन वेग मिळतात आणि खाचेला साडेसतरा मीटरचा वारा लागतो. दुसऱ्या बाजूला ते एकमेकांतून वजा होतात, तिथे सहा मीटर, तेही उलट्या दिशेने. म्हणजे एक खाच प्रत्येक गिरकीत निम्मा वेळ वाजते आणि निम्मा वेळ दम खाते. सलग शीळ हवी असेल तर हा दोष. मी तो दोष मानून तीन खाचांची तयारी सुरूही केली होती. भाचीने डोळ्यांवर ओढणी बांधून दोन्ही तऱ्हा ऐकल्या. तीन खाचांचा आवाज कुठून येतोय ते ती हात फिरवून शोधत राही. एका खाचेच्या 'वू-वू-वू-वू' ला मात्र बोट थेट दाखवी. तुटक आवाजाची सुरुवात पुन्हा पुन्हा होते, आणि दिशा ओळखायला कानाला ती सुरुवातच लागते. तिने हे तीन शब्दांत सांगितलं, "हा हाका मारतो."

सलग शिळेचा नाद त्याच दिवशी सोडला.

आता फेक किती लांब जाते याचं दुखणं. डब्या कडेवर बाहेरून चिकटवलेल्या होत्या. मूळ चकती माझ्या हातून पस्तीस पावलं जायची, डब्यांची बावीसच. मी सगळ्यांना सांगत सुटलो की आवाज फुकट मिळत नसतो, तो उड्डाणातून वजा होतो. वाक्य ऐकायला भारदस्त होतं. मग एकदा सहज हिशेब करून पाहिला आणि तोंड बंद झालं. ११० ग्रॅमची चकती १२ मीटरने जाते तेव्हा तिच्यात आठ ज्यूल ऊर्जा असते. एक मीटरवर ८० डेसिबल आवाज सगळीकडे पसरला तरी तो सव्वा मिलिवॉट भरतो. तीन सेकंदांच्या उड्डाणात चार मिलिज्यूल. दोन हजारांतला एक भाग! आवाजाने काहीच खाल्लं नव्हतं. खाल्लं होतं ते मी बाहेर ठेवलेल्या टेंगळांनी. भाचीचं पहिल्या दिवशीचं निदान बरोबर होतं, मी उगाच भौतिकशास्त्राच्या नावावर माझा आळस खपवत होतो.

त्यानंतर डब्या बाहेर ठेवायच्याच नाहीत असं ठरवलं. चकतीच नव्याने केली. बंद पेशींच्या फोमचे थर एकावर एक चिकटवले, कड अडीच सेंटिमीटर जाड ठेवली, आणि पोकळी कडेच्या आतच कमानीसारखी कोरली. बाहेरून दिसायला फक्त एक खाच, पृष्ठभागाशी अगदी सपाट. अंतर एकतीस पावलांवर आलं. फोममुळे कपाळाला लागली तरी टेंगूळ येत नाही, हे माझ्या कपाळावर सिद्ध झालेलं आहे. पण फोमने वेगळाच त्रास दिला. पोकळीला केसाएवढी फट राहिली तरी सूर बसतो. आतली भिंत खरखरीत असली की ती सूर पिऊन टाकते. आतून पातळ इपॉक्सीचा हात फिरवला, सांधे पाण्यात बुडवून बुडबुडे पाहिले. पोकळीचं आकारमान मोजायला इंजेक्शनची सिरिंज, पाणी भरत जायचं आणि मिलिलिटर मोजायचे. आणि एक नियम स्वतःला घालून घेतला, ओठांनी फुंकून जी खाच वाजत नाही तिला घेऊन मैदानात जायचं नाही.

आवाज वाढावा म्हणून खाचेची एक कड पाचरीसारखी धारदार केली आणि समोरच्या कडेला गोलसर उतार दिला. वारा उतारावरून अलगद येतो आणि पाचरीवर जोरात आपटतो. काठीवर फिरवली, झकास. मैदानात फेकली, त्याहून झकास. सलग तीन रविवार मी एकट्याने फेकत होतो, मुद्रण करत होतो, वहीत आकडे मांडत होतो. चौथ्या रविवारी ती भाचीच्या हातात दिली.

चकती सुंदर गेली. सरळ, सपाट, तीस पावलं. आणि पूर्ण मुकी.

"जोरात फेक," मी म्हटलं. तिने फेकली. काही नाही. "अगं मनगट झटक." झटकलं. काही नाही. मी एकदा फेकून दाखवली, 'वू-वू-वू-वू' करत गेली. तिने फेकली, शांत. असं सात-आठ वेळा झालं. माझ्या आवाजात मास्तर शिरायला लागला होता आणि तिचे डोळे भरून यायला लागले होते. तेव्हा ताई बाकावरून म्हणाली, "अरे, ती डावखुरी आहे ना."

अकरा वर्षं मी तिला डाव्या हाताने जेवताना, चित्रं काढताना पाहिलंय. तीन रविवार वहीत आकडे मांडताना मात्र त्यातलं काही आठवलं नाही. उजव्या हाताची चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, डाव्या हाताची उलटी. उलट फिरली की खाचेवरचा वारा उलट येतो, पाचरीच्या बाजूने शिरतो आणि गोलसर उतारावर जाऊन विरतो. मागची कड गोल असली की भोवरी आपटतच नाही, नुसती घसरून जाते. विमानांच्या आणि गाड्यांच्या पोकळ्यांतला आवाज दाबायला हीच क्लृप्ती वापरतात. मी नकळत माझ्या भाचीसाठी खास आवाजबंद चकती बनवली होती.

मी तिची माफी मागितली. तिने ती लगेच दिली नाही.

पुढचं काम सरळ होतं. दोन्ही कडा सारख्या आणि दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या हव्यात. त्यासाठी खाचेची चौकट वेगळी छापून घेतली, थ्रीडी प्रिंटरवर, रबरासारख्या लवचिक मटेरियलची. कडक प्लॅस्टिकची पहिली चौकट जास्त चांगली वाजत होती. पण शेजारच्या छोट्याने तिच्यात करंगळी घातली आणि ती निघेना. साबणाच्या पाण्याने निघाली. बोट अडकणाऱ्या भोकांवर खेळण्यांच्या सुरक्षानियमांत इतका कीस का पाडलेला असतो, ते त्या पाच मिनिटांत कळलं. लहान तुकड्यांचंही तसंच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक ठरलेलं नळकांडं असतं. त्यात मावेल असा सुटा भाग खेळण्यात चालत नाही, कारण तो घशात जाऊ शकतो. माझी चौकट त्यात सहज मावत होती. चकती तान्ह्यांसाठी नसली तरी घरात तान्ही असतात. चौकटीला आतून रुंद झालर दिली, फोमच्या दोन थरांत ती अडकवली. आता ती उपटायची तर आधी चकती फाडावी लागते.

दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या कडांमुळे आवाज थोडा पडला. तो भरून काढायला समोरासमोर दोन पोकळ्या केल्या, म्हणजे गिरकीत दोन हाका. आणि दोन करायच्याच तर सारख्या कशाला? एक ५७ मिलिलिटरची, एक ४० ची. खाच दोघींना ८ गुणिले १४ चीच. सूर आले सुमारे ७०० आणि ८४० हर्ट्झ, कोमल गंधाराएवढ्या अंतरावर. चकती 'वू-वू' ऐवजी 'ऊ-ई-ऊ-ई' करत जाऊ लागली. एक बाजू जास्त पोकळ, म्हणून तोल गेला. पेन्सिलीच्या टोकावर चकती ठेवून हलक्या बाजूला मातीचे बारीक गोळे दाबत तो परत आणला. या कामात अख्खा शनिवार गेला, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काहीही नाही.

फोनवरच्या मुद्रणात आता बरंच काही ऐकू येतं. हाका मोजून गिरक्या कळतात, माझ्या सात, भाचीच्या साडेसहा. चकती डगमगत गेली तर सूरही डगमगतो, फेक बिघडली हे डोळ्यांआधी कानाला कळतं. फेकणारा आणि झेलणारा यांच्या मधोमध उभं राहून ऐकलं तर डोक्यावरून जाताना सूर अर्ध्या स्वराहून जरा जास्त खाली घसरतो. डॉप्लरने हे १८४२ मध्ये मांडलं आणि १८४५ मध्ये बाइस बॅलटने रेल्वेवर तुतारीवादक बसवून पडताळलं. आमच्याकडे तुतारी नव्हती, पण घसरण तीच.

एक गोष्ट मात्र मी आखली नव्हती. वेग कमी झाला की आधी वरचा सूर जातो, कारण खाच सारखी असल्याने त्याला वारा जास्त लागतो. खालचा सूर आणखी थोडा वेळ तग धरतो. म्हणजे चकती निघते तेव्हा दोन सुरांत बोलते, उतरायला लागली की एकाच. हे मला वहीतल्या आकड्यांवरून कळलं आणि ते सांगायला मी मैदानात गेलो तेव्हा चांगलं अंधारलं होतं. भाची आणि तिची मैत्रीण खेळत होत्या. चकती दिसत नव्हती, 'ऊ-ई-ऊ-ई' तेवढं इकडून तिकडे जात होतं. मी तोंड उघडणार तोच तिने ओरडून मैत्रिणीला सांगितलं, "अगं थांब, अजून दोन्ही वाजतायत! 'ई' गेली की पळ!"

मैत्रीण थांबली. 'ई' गेली. ती चार पावलं पुढे धावली आणि अंधारात कुठेतरी फोमवर दोन हात पडल्याचा आवाज आला.